जन्म धारवाडात की डिचोलीत?

बेळगावकरांना गोवा परका नाही. जांबोटी मागे टाकली, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमावर थांबून माउलीला हात जोडले की पुढे चोर्ल्याचे जंगल सुरू होते. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांच्या हद्दी इथे एकमेकींच्या अंगाला अंग लावून बसल्या आहेत. नेमकी कुठली कधी ओलांडली ते गाडीत बसलेल्याला कळत नाही. घाट उतरला की केरीचे अंजुणे धरण, मग साखळी, मग डिचोली. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या लेकी या वाटेने सासरी गेल्या आणि तिकडच्या इकडे आल्या. त्यामुळे कुणी 'गोव्याला जाऊन आले' म्हटले की आपल्याकडे समुद्राची चौकशी होत नाही, 'सगळी बरी आहेत ना?' असेच विचारतात.

माझी मावशी डिचोली तालुक्यातल्या मये गावी दिलेली. तळ्यामुळे हे नाव पर्यटकांना ठाऊक आहे. आम्हाला मात्र मये म्हणजे मावशीचे अंगण, पोफळीची सावली आणि जेवणात फणस. मावशीचा जन्म बेळगावचा, १९३६ सालचा. १९५४ च्या आरंभी लग्न होऊन ती मयेला गेली तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते. पुढे भारत सरकारने नाकेबंदी केली आणि माहेरचा रस्ता बंद झाला. आठ-नऊ तासांच्या अंतरावर असलेल्या आईला तिने कितीतरी वर्षे पाहिले नाही. तिचा मोठा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, १९५९ साली मयेतच जन्मला. त्याची जन्मनोंद पोर्तुगीज भाषेत आहे. आई भारतात जन्मलेली, मुलगा पोर्तुगालच्या दप्तरातला. दोघेही एकाच चुलीवरचे जेवत होते.

यंदा मी मयेला गेले ती एका वेगळ्याच कामासाठी. नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली, म्हणून घरात कागदपत्रांचा प्रश्न आला की मला बोलावणे येते. मावसभावाचा मुलगा मोप्याच्या विमानतळावर नोकरीला आहे आणि पेडण्यात भाड्याने राहतो. त्याची बायको धारवाडची, कन्नड घरातली. तिला सातवा महिना लागलेला. आपल्या रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून धारवाडच्या विहीणबाईंनी तयारी चालवलेली. मावशीचे म्हणणे, बाळ गोव्यातच जन्मले पाहिजे, नाहीतर उद्या त्याला 'भायलो' म्हणतील. त्यात मुलाच्या डोक्यात तिसराच विचार. त्याचे बरेच मित्र पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात गेले. वडिलांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे त्यालाही तो मार्ग खुला आहे. मग बाळाचे काय? ते कुठल्या देशाचे?

नव्या काबिजादी

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांना गोव्याच्या इतिहासात 'नव्या काबिजादी' म्हणतात. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेल्या होत्या. पेडणे, डिचोली, सत्तरी हा भाग सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्याकडे गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर धर्मांतराचा पहिला जोर ओसरला होता. म्हणून इकडची देवळे जागेवर राहिली आणि भजनात मराठी टिकली. डिचोली तालुक्यातले नार्वे पाहिले की हे लगेच ध्यानात येते. दिवाडी बेटावरून विस्थापित झालेला सप्तकोटेश्वर इथे आला आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला.

म्हणजे या मुलखाने एकामागून एक धनी पाहिले. माणसे तिथेच राहिली, भात तेच पेरीत राहिली, फक्त ती कुणाची प्रजा हे बदलत गेले. 'जन्मभूमी' आणि 'नागरिकत्व' हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो. इथल्या माणसाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत हे कुणी शिकवावे लागत नाही.

पत्रादेवी

डिचोलीहून अस्नोड्यामार्गे कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका लागतो. आम्ही भाच्याच्या घरी उतरलो आणि दुसऱ्या दिवशी पत्रादेवीला गेलो. गोव्याची ही उत्तरेकडची वेस. पलीकडे बांदा, म्हणजे सिंधुदुर्ग. आज तिथे ट्रकांची रांग आणि महामार्गाचा गोंगाट असतो. बाजूला हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही याच वाटेने गोव्यात शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचा कर्नेलसिंग बेनिपाल इथेच पडला. पंजाबातला माणूस पेडण्याच्या मातीत देह ठेवतो, कशासाठी? तर इथली माणसे आपली, हे सांगण्यासाठी.

त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबर १९५५ रोजी, भारताचा नागरिकत्व कायदा झाला. त्यात सातवे कलम घातले गेले: एखादा प्रदेश भारतात सामील झाला, तर तिथली कोणती माणसे भारतीय ठरतील हे केंद्र सरकारने आदेश काढून सांगावे. पुढे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने तो भारताच्या नकाशात अधिकृतपणे बसला, आणि २८ मार्च १९६२ रोजी या कलमाखाली गोवा, दमण व दीवसाठी नागरिकत्वाचा आदेश निघाला.

हा आदेश मी भाच्याला सोप्या भाषेत सांगितला. २० डिसेंबर १९६१ च्या आधी जो स्वतः या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबा यांपैकी कुणी इथे जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय. अर्ज नको, शपथ नको. ज्याला जुने नागरिकत्वच ठेवायचे असेल त्याने एका महिन्यात तसे लिहून द्यावे. बहुतेकांनी काहीच लिहून दिले नाही आणि ते भारतीय झाले. मावसभाऊ तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. तो पाळण्याबाहेर आला तो पोर्तुगालचा म्हणून आणि शाळेत गेला तो भारताचा म्हणून.

थोड्यांनी लिहून दिले. मोन्तेरो नावाचे एक पाद्री त्यांत होते. त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले, पण राहिले गोव्यातच. परवान्याची मुदत संपल्यावर त्यांच्यावर खटला झाला. आपण व्यापलेल्या प्रदेशातले रहिवासी आहोत, जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली ते फेटाळले. प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हाच 'व्यापलेला' ही अवस्था संपली, असा तो निकाल. ज्या भूमीत जन्मलो तिथेच राहायला परवाना लागतो, ही गोष्ट त्यांच्या वाट्याला आली. अर्थात निवड त्यांची होती.

पंजाबरावांचे विमान आणि मोप्याचे विमानतळ

पत्रादेवीहून परतताना डोक्यावरून विमान गेले. मोप्याचे विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. त्याला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. कातळावर जिथे गुरे चरत होती तिथे आता जगभरचे प्रवासी उतरतात. विमान पाहून मला संविधान सभेतला एक प्रसंग आठवला, जो मी वर्गात हमखास सांगत असे.

ऑगस्ट १९४९. डॉ. आंबेडकरांनी नागरिकत्वाचे कलम सभेपुढे मांडले. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख विरोधाला उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा, की नुसत्या जन्मावर नागरिकत्व दिले तर ते फार स्वस्त होईल. उदाहरण त्यांनी विमानाचेच दिले: एखादे परदेशी जोडपे मुंबईत विमान थांबले म्हणून दोन घटका उतरले आणि बाईला तिथेच मूल झाले, तर काय ते भारतीय? आई-बापांचा विचार व्हावा, ही त्यांची मागणी. ती त्या वेळी मान्य झाली नाही. घटनेतले कलम फक्त प्रजासत्ताकाच्या आरंभापुरते आहे, कायमचा कायदा संसद करील, ही आंबेडकरांची भूमिका. म्हणून तर घटनेत अकरावे कलम आहे, जे नागरिकत्वाचा सारा अधिकार संसदेला देते. दोघे मराठी माणसेच, दोघेही मोठे विद्वान, आणि प्रश्न तोच जो आमच्या पेडण्याच्या ओसरीवर चालला होता.

पुढची हकिकत मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याकडे 'इथे जन्मला तो इथला' हा नियम आजही आहे, असे लोक धरून चालतात. तो नाही. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला प्रत्येक जण (परदेशी वकिलातीतल्यांची मुले वगैरे अपवाद सोडून) जन्माने भारतीय. १ जुलै १९८७ पासून अट आली, की आई किंवा वडील यांपैकी एक तरी भारतीय हवा. आसामचे आंदोलन आणि १९८५ चा आसाम करार त्याच्यामागे होता. ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी घट्ट झाली: दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा घुसलेला नसावा. पंजाबरावांनी जे मागितले त्याच दिशेने कायदा ३८ वर्षांनी वळला. त्यासाठी घटनेला हात लावावा लागला नाही, साधे विधेयक पुरले.

अमेरिकेत असे करता येत नाही, म्हणून तिथे इतका गदारोळ. तिथल्या घटनेची चौदावी दुरुस्ती १८६८ ची. गुलामीतून सुटलेल्यांची मुले नागरिक आहेत की नाहीत, हा वाद कायमचा मिटवण्यासाठी ती केली गेली. १८९८ मध्ये वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी आई-बापांच्या मुलाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला नागरिक ठरवले. हा हक्क आखडावा म्हणून घटनादुरुस्तीचे प्रस्ताव तिथे अनेकदा आले, पण दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्ये, एवढा पाठिंबा जमणार कसा? २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी घटनेला वळसा घालून नुसता आदेशच काढला. न्यायालयांनी तो अडवला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेतले. त्या आदेशाच्या कक्षेत तात्पुरत्या व्हिसावरच्या आई-बापांची मुलेही येत होती. म्हणून बेळगाव-हुबळीच्या ज्या घरांतली मुले तिकडे संगणकाच्या नोकरीत आहेत, त्या घरांतही त्या दिवसांत झोप नव्हती.

आयर्लंडने मात्र घटनाच बदलली. ११ जून २००४ रोजी सार्वमत झाले आणि सुमारे ७९ टक्के मतदारांनी नुसत्या जन्मावरचा हक्क काढून टाकायला कौल दिला. आपली अट त्याच वर्षी डिसेंबरात घट्ट झाली. दोन देश, दोन रस्ते, साल एकच.

सावंतांची सून, पोर्तुगालचा नातू

आता आमच्या घराकडे येऊ. पोर्तुगालनेही १९८१ च्या कायद्याने जन्मभूमीपेक्षा रक्ताला अधिक मान दिला. डिसेंबर १९७४ च्या करारात त्याने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, तरी मुक्तीपूर्वी इथे जन्मलेले त्याच्या दृष्टीने जन्माने पोर्तुगीज राहिले आणि त्यांची मुले-नातवंडे लिस्बनला नोंद करून तो हक्क मागू लागली. गंमत पहा. १९६२ च्या भारतीय आदेशात आजी-आजोबांपर्यंत हिशेब आहे आणि पोर्तुगालचा हिशेबही तिथवरच जातो. एकाच आजोबाच्या जन्माचा आधार दोन देश घेतात.

पण भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व घेतले की आपले संपले. लिस्बनच्या नुसत्या नोंदीने ते जाते की पासपोर्ट घेतल्यावर, यावर गोव्यात वर्षानुवर्षे वाद चालला. पासपोर्ट घेतला की मात्र वाद उरत नाही. मग उरते 'ओसीआय' कार्ड. त्यावर येता-जाता येते, राहता येते, वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळू शकते. पण मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

मी भाच्याला आणि सूनबाईला समोरासमोर बसवले आणि म्हटले, "तुम्ही दोघांनी जाऊन पासपोर्ट बदललेत आणि मग मयेला येऊन बाळ झाले, तर ते बाळ भारताचे नागरिक नाही. मग ते पणजोबांच्या घरात जन्मो नाहीतर सप्तकोटेश्वराच्या पायरीवर. आणि खाणीच्या कामाला गदगहून आलेल्या मजुराच्या झोपडीत त्याच दिवशी जन्मलेले मूल मात्र पहिल्या श्वासापासून भारतीय. मोठी माणसे जागेवरून भांडताहेत. कायदा आई-बाप बघतो."

ओसरी गप्प झाली. मावशीने एवढेच विचारले, "म्हणजे मी याला इथे की तिथे म्हणून जे भांडतेय ते फुकटच?"

अगदी फुकट नाही, हेही सांगायला हवे. देशाच्या दृष्टीने धारवाड आणि डिचोली एकच, आपल्याकडे राज्याचे वेगळे नागरिकत्व नसते. पण गोव्यात सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. 'भायले' हा शब्द कागदावर नसला तरी बाजारात असतो. आपण सीमाभागातल्यांनी तो वेगवेगळ्या भाषांत ऐकला आहे आणि, खरे सांगायचे तर, वापरलाही आहे. भाच्याचे घर मयेत असल्याने बाळाच्या वास्तव्याला अडचण नव्हती. तरी मावशीची धास्ती कुठून आली हे मला कळत होते.

ती धास्ती मयेच्या जमिनीतून आली होती. गावाची बहुतेक जमीन एका बड्या भाटकार घराण्याची. मुक्तीनंतर मालक पोर्तुगालच्या बाजूचा ठरला, १९६४ चा स्थलांतरितांच्या मालमत्तेचा कायदा आला आणि जमीन सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारी आणि कसणारी कुळे-मुंडकार अधांतरी राहिली. घर दुरुस्त करायचे तर परवानगी, मुलाला कर्ज हवे तर जमिनीच्या उताऱ्यावर नाव नाही. गावाने दशकानुदशके लढा दिला, तेव्हा २०१४ साली त्या मालकी हक्कांच्या निर्मूलनाचा कायदा झाला आणि सनदांचे काम हळूहळू मार्गी लागू लागले. एका माणसाच्या नागरिकत्वाचा प्रश्न आणि त्याचे ओझे अख्ख्या गावाने पन्नासहून अधिक वर्षे वाहिले. आजच्या ओसीआयवाल्याची तशी गत होत नाही, हे मी मावशीला समजावले. पण तिला कायदा नको होता. "कागदाने माणूस परका झाला की पायाखालची जमीनसुद्धा संशयाने बघते," ती म्हणाली.

शेवटी बोलली ती सूनबाई. इतका वेळ ती शेंगा सोलत ऐकत होती. धारवाडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "यांना जायचं असलं तर जाऊ देत. कष्ट करायला जाणार, चोरी करायला नव्हे. पण माझा पासपोर्ट मी बदलणार नाही. दोघांतलं एक इथलं राहिलं की बाळ इथलं, असंच ना अत्ती?" मी म्हटले, होय, तुझे यजमान तिकडचे नागरिक असले आणि इथे रीतसर राहत असले, तरी तू भारतीय आहेस तोवर इथे जन्मलेले तुझे मूल जन्माने भारतीय. "मग झालं तर," ती म्हणाली. "मोठा झाल्यावर त्याला कुठं जायचं ते त्यानं ठरवावं. आज त्याच्या वतीनं आपण कशाला घालवून टाकायचं?"

जन्माच्या जागेवरचा हक्क काढणारे सारे कायदे एका भीतीपोटी झाले, की उपरे येऊन आपले घेतील. ती भीती सगळीच खोटी असते असे मी म्हणणार नाही. आसाममधल्या माणसाला जाऊन तसे सांगणे सोपे नाही. पण अट घालताना शिक्षा कुणाला होते, हे मयेच्या ओसरीवर बसून दिसते. हद्द ओलांडली आजोबांनी, पासपोर्ट घेतला बापाने, आणि उत्तर द्यायचे आहे त्याला, ज्याने अजून डोळेही उघडले नाहीत.

वाचकहो, आपल्या घरांत एक चुलता महाराष्ट्रात, एक आत्या गोव्यात, एक मुलगा परदेशात असतोच. म्हणून एक घरगुती सूचना करते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, त्या तारखेपुढे जन्मलेल्या मुलांना शाळा, परवाना, मतदारयादी अशा कामांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. तो वेळेवर काढा, नावाची अक्षरे मराठी, कन्नड आणि इंग्रजीत जुळतात का ते पाहा. पण १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत नुसता जन्मदाखला नागरिकत्व सांगत नाही, आई-वडिलांचे कागदही लागतात. तेव्हा आजी-आजोबांच्या जुन्या पेटीतले पिवळे कागद, मग ते मोडीत असोत, कन्नडात असोत की पोर्तुगीजमध्ये, रद्दीत घालू नका.

बाळंतपण धारवाडलाच झाले. मुलगी झाली. दाखल्यावर जन्मस्थान धारवाड, पत्ता मये, आणि आई-वडील दोघेही भारतीय. भाच्याने लिस्बनचे कागद अजून पाठवलेले नाहीत. पाठवीलही कदाचित, ते त्याचे त्याने ठरवायचे. बारशाला मावशी नव्वदीच्या घरात असूनही घाट चढून आली. धारवाडच्या विहीणबाईंनी कन्नडात पाळणा म्हटला, मावशीने मराठीत म्हटला, आणि पोर दोन्ही वेळा सारखीच झोपून राहिली.